पॅकेटातल्या यीस्टला अल्फा फॅक्टर कळतच नाही, मग श्मू कुठनं दिसणार?

निपाणीकडच्या एका एमएस्सी बायोटेकच्या मुलीचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. प्रोजेक्टसाठी तिनं अल्फा फॅक्टर मागवला, म्हणजे यीस्टच्या एका मेटिंग टाइपच्या पेशी दुसऱ्या टाइपला बोलवायला जे छोटं पेप्टाइड बाहेर सोडतात ते. पहिल्यांदा तिनं ते बेकरीतनं आणलेल्या कोरड्या यीस्टवर टाकलं, मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली, काहीच नाही. मग गाईडनी बीवाय४७४१ या लॅबच्या यीस्ट स्ट्रेनची स्लँट, म्हणजे तिरक्या अगारवर वाढवलेल्या यीस्टची ट्यूब, दिली, त्यात पेशींना एका बाजूनं टोक आलं खरं (अशा पेशीलाच श्मू म्हणतात), पण थोड्या वेळानं सगळ्या परत बडिंग, म्हणजे अंगावर कोंब काढून विभाजन, करायला लागल्या. तिला वाटतंय पेप्टाइड खराब निघालं. आणि वर सेमिनारला विचारणार आहेत की पेप्टाइड रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या ते ओळखणाऱ्या प्रोटीनला, बसलं की आत नेमकं हलतं काय.

अगं, पेप्टाइड बहुतेक चांगलंच आहे. तीनही प्रश्नांत तू फक्त पेप्टाइडकडं बघतीयस, आणि सगळेच तसं करतात कारण पैसे त्याच्यावर गेलेले असतात. पण इथं काय होणार ते पेशी कुठली आहे आणि ती पेशी सिग्नल किती लवकर बंद करते, यावर जास्त ठरतंय.

पॅकेटापासून सुरू करू. आपल्याकडं यीस्ट म्हणलं की एक तर कॅम्पातल्या बेकरीचं पॅकेट, नाहीतर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीवर चालतं ते. मी शिकवायला यायच्या आधी डिस्टिलरीच्याच लॅबमध्ये होतो, त्यामुळं ते यीस्ट मला घरातल्यासारखं माहीत आहे. जात तीच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, पण असली कामाची यीस्ट साधारणपणे डिप्लॉइड, म्हणजे क्रोमोसोमचे दोन संच असलेली, असतात नाहीतर त्याहून जास्त क्रोमोसोम संच घेऊन बसलेली असतात, बऱ्याच वेळा मोजणीही धड जुळत नाही. आणि मेटिंग हा उद्योग हॅप्लॉइड, म्हणजे एकच संच असलेल्या, पेशींचा. यीस्टमध्ये नर-मादी असं काही नसतंय, दोन टाइप असतात, ए आणि अल्फा, आणि कुठला टाइप हे मॅट नावाच्या एकाच लोकसवर, म्हणजे क्रोमोसोमवरच्या जागेवर, ठरतं. ए पेशी अल्फा फॅक्टर ऐकते, त्यासाठी तिच्या पृष्ठभागावर स्टे२ हा रिसेप्टर. अल्फा पेशी ए फॅक्टर ऐकते, तिच्याकडं स्टे३. दोघी मिळून एक झाल्या की डिप्लॉइड तयार, आणि त्या पेशीत ए१ आणि अल्फा२ ही दोन प्रोटीनं एकत्र येऊन हॅप्लॉइडचे जीन्स बंद करून टाकतात. रिसेप्टरचा निरोप आत नेणाऱ्या जी प्रोटीनचे भाग बंद, पुढच्या साखळीला धरून ठेवणारं स्कॅफोल्ड वगैरे बंद. स्टे२ तर अल्फा२ प्रोटीन एमसीएम१ या दुसऱ्या प्रोटीनला धरून आधीच बंद करतं, त्याला ए१ ची पण गरज लागत नाही. म्हणजे तुझ्या पॅकेटातल्या पेशीवर ऐकायला रिसेप्टरच नाही, आणि समजा कुठनं आणून बसवला तरी त्याच्या खालची वायर तोडलेली आहे. त्यावर तू अख्खी व्हायल ओतलीस तरी त्या पेशी नुसत्या पीठ फुगवत बसणार.

काही पोरं यावर हुशारी करतात, म्हणतात पॅकेटातल्या यीस्टला उपाशी ठेवून स्पोर पाडतो आणि स्पोर म्हणजे हॅप्लॉइड, मग झालं की काम. कागदावर बरोबर आहे. पण एक तर इंडस्ट्रीची यीस्ट स्पोर नीट देत नाहीत, दिले तर उगवत नाहीत, आणि उगवले तर बऱ्याच जणांत एचओ नावाचा जीन चालू असतो. हा एचओ एक एन्झाइम बनवतो जे मॅट लोकसवर डीएनए कापतं, आणि कापलेली जागा भरताना त्याच क्रोमोसोमवर गप्प पडलेली दुसऱ्या टाइपची कॉपी तिथं येते. म्हणजे पेशी टाइपच बदलते, आणि शेजारच्या आपल्याच भावंडाशी मेटिंग करून परत डिप्लॉइड होऊन मोकळी. लॅबच्या स्ट्रेनमध्ये हा एचओ बिघडलेला असतो म्हणून तर त्या वर्षानुवर्षं हॅप्लॉइड राहतात. तेव्हा तो नाद सोड, गाईडनी दिलेला बीवाय४७४१ बरोबर आहे, तो ए टाइपचा. बीवाय४७४२ अल्फा टाइपचा, त्यावर अल्फा फॅक्टर टाकून काही होत नाही, आणि स्लँटवरचा ४१ आणि ४२ पुसट मार्करनं लिहिलेला असला की काय काय घोळ होतात ते विचारू नकोस.

आता पेप्टाइड. तेरा अमिनो आम्लं, ओळीनं सांगतो कारण पुढं लागणार आहे: ट्रिप्टोफॅन, हिस्टिडीन, ट्रिप्टोफॅन, ल्युसीन, ग्लुटामीन, ल्युसीन, लायसीन, प्रोलीन, ग्लायसीन, ग्लुटामीन, प्रोलीन, मेथिओनीन, टायरोसीन. वजन साधारण १६८४ डाल्टन. असा काहीतरी पदार्थ अल्फा पेशी बाहेर सोडतात आणि त्यानं ए पेशींचं विभाजन थांबतं हे डुंट्झ, मॅके आणि मॅनी यांनी १९७० मध्ये दाखवलं. पेशी हे पेप्टाइड सरळ तेरा अक्षरांचं बनवत नाही. एमएफ-अल्फा१ जीनवरनं आधी १६५ अमिनो आम्लांचं मोठं प्रोटीन बनतं, त्यात पुढं एक लीडर आणि मागं अल्फा फॅक्टरच्या चार कॉप्या ओळीनं, मधे मधे स्पेसर. मग गॉल्जीत केक्स२ नावाचं एन्झाइम लायसीन-आर्जिनीनच्या जोडीपाशी कापतं, केक्स१ मागं चिकटून राहिलेलं लायसीन-आर्जिनीन साफ करतं, स्टे१३ पुढची ग्लुटामेट-ॲलॅनीनची शेपटं काढतं, आणि तयार माल बाहेर. हे केक्स२ सापडल्यावर मग माणसात त्याचे नातेवाईक शोधले गेले, आपल्या स्वादुपिंडात प्रोइन्सुलिन कापून इन्सुलिन करणारी एन्झाइम्स त्याच घराण्यातली. आणि ज्या लीडरचं मी बोललो तो आज पिकिया नावाच्या दुसऱ्या यीस्टमध्ये औषधी प्रोटीनं पेशीबाहेर काढायला सर्रास वापरतात. तुमच्या कॉलेजात रिकॉम्बिनंट प्रोटीनचं प्रॅक्टिकल असेल तर व्हेक्टरच्या नकाशात अल्फा फॅक्टर सिक्रीशन सिग्नल असं लिहिलेलं बघ, तो हाच.

दुसऱ्या बाजूचा ए फॅक्टर एकदम वेगळा. बारा अमिनो आम्लांचा, पण शेवटच्या सिस्टीनला फार्नेसिल म्हणजे चरबीसारखी शेपटी आणि वर मिथाइल गट. तो नेहमीच्या सिक्रीशनच्या वाटेनं जातच नाही, स्टे६ नावाचा पंप त्याला बाहेर ढकलतो, आणि हा पंप म्हणजे कॅन्सरच्या पेशी औषधं बाहेर फेकायला जो पंप वापरतात त्याचा जवळचा भाऊ. ए फॅक्टर चिकट, पाण्यात विरघळायला कटकट करतो, म्हणून सगळं जग अल्फा फॅक्टर वापरतं, यात शास्त्र कमी आणि सोय जास्त.

आता रिसेप्टर, तुझ्या सेमिनारचा भाग. स्टे२ मध्ये ४३१ अमिनो आम्लं. पडद्यातनं सात वेळा वर-खाली जाणारा, म्हणजे जीपीसीआर, आपल्या शरीरात ॲड्रेनलिन, वास, उजेड हे ज्या घराण्याचे रिसेप्टर ओळखतात त्याच ठेवणीचा. पण अमिनो आम्लांची ओळ बघितली तर माणसाच्या रिसेप्टरांशी काही जुळत नाही, म्हणून त्याला क्लास डी मध्ये वेगळं ठेवलंय. त्याचा जीन १९८५ मध्येच वाचून झाला होता, माणसाच्या बाजूचा प्रसिद्ध बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टर त्यानंतर वर्षभरानं. एका पेशीवर साधारण आठ-दहा हजार स्टे२ असतात आणि पेप्टाइड धरायची ताकद काही नॅनोमोलरची, पाच-सहा धर. हा आकडा लक्षात ठेव, पुढं डोसच्या हिशोबात तोच कामाचा.

पेप्टाइडची दोन टोकं दोन वेगळी कामं करतात, ही मला या सगळ्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. मधे आठव्या-नवव्या जागी प्रोलीन-ग्लायसीन आहे, तिथं साखळी वाकते. त्या वाकण्यामुळं दोन्ही टोकं रिसेप्टरवर पाहिजे त्या जागी जातात. मागचं टोक, टायरोसीनच्या बाजूचं, ते धरून बसायचं काम करतं. पुढचं टोक, ट्रिप्टोफॅनच्या बाजूचं, ते रिसेप्टर चालू करतं. हे कळलं कसं तर एकेक अमिनो आम्ल बदलून, काढून बघून. फ्रेड नायडर आणि जेफ्री बेकर यांच्या गटांनी यात वर्षंच्या वर्षं घातली. पहिली दोन, म्हणजे ट्रिप्टोफॅन आणि हिस्टिडीन, उडवून टाकली की उरलेलं पेप्टाइड रिसेप्टरला जाऊन बसतं पण सिग्नल जात नाही, उलट खऱ्या पेप्टाइडची जागा अडवतं. म्हणजे अँटॅगनिस्ट तयार. सातव्या लायसीनवर चमकणारा रंग जोडला तरी पेप्टाइड चालतं. बाराव्या मेथिओनीनच्या जागी नॉरल्युसीन घातलं तरी चालतं, आणि ते मुद्दाम घालतात कारण मेथिओनीन हवेनं ऑक्सिडाइज होतं.

आणि आत काय हलतं? हे अगदी अलीकडं डोळ्यांनी दिसलं. २०२१ मध्ये केंब्रिजच्या एमआरसी लॅबमधून क्रायो-ईएमनं, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीनं, स्टे२ चं स्ट्रक्चर नेचरमध्ये आलं, त्यात दिसलं की हा रिसेप्टर जोडीनं बसतो, दोन स्टे२ एकमेकांना चिकटून, आणि प्रत्येकाखाली एक जी प्रोटीन. पुढच्या वर्षी त्याच गटानं बिनपेप्टाइडचा, अँटॅगनिस्ट बसलेला आणि खरा अल्फा फॅक्टर बसलेला अशी वेगवेगळी स्ट्रक्चर्स काढली. तुझ्या सेमिनारला यातलंच सांग. पडद्यातनं जाणाऱ्या सात गुंडाळ्यांना हेलिक्स म्हणतात, त्यातल्या सातव्या हेलिक्सचं आतल्या बाजूचं टोक बंद अवस्थेत धड हेलिक्सच नसतं, सैल साखळी होऊन ते बाकीच्या सहांच्या मधे शिरून बसतं, आणि नेमकी तीच जागा जी प्रोटीनला पाहिजे असते. पेप्टाइड बसलं की बाहेरच्या बाजूला सहावा आणि सातवा हेलिक्स सुमारे ६ अँगस्ट्रॉम बाहेर सरकतात, आणि आतल्या बाजूला ती अडवून बसलेली साखळी तब्बल २० अँगस्ट्रॉम बाहेर जाते आणि सहावा हेलिक्स १२ अँगस्ट्रॉम आत येतो. जागा मोकळी झाली, जी प्रोटीन बसलं. आता पुस्तकात तुम्ही जे शिकता, की जीपीसीआर चालू झाला की सहावा हेलिक्स आतल्या बाजूला बाहेर उघडतो, ते माणसाच्या क्लास ए च्या रिसेप्टरांचं. इथं सहावा उलटा आत येतो. सेमिनारला कोणीतरी हमखास पुस्तकातलं चित्र दाखवून अडवणार, तेव्हा एवढं एक वाक्य तयार ठेव.

पुस्तकाशी दुसरी न जुळणारी गोष्ट जी प्रोटीनची. अल्फा भाग जीपीए१, बीटा स्टे४, गॅमा स्टे१८. आपण शिकतो की जीटीपी घेतलेला अल्फा भाग पुढं जाऊन काम करतो. यीस्टच्या मेटिंगमध्ये अल्फा भाग मुख्यतः ब्रेक आहे, तो सुटला की बीटा-गॅमाची जोडी मोकळी होते आणि खरं काम ती करते. पुरावा सरळ आहे, स्टे४ काढून टाका, पेशी मेटिंग करत नाही, जीपीए१ काढून टाका, पेशी फेरोमोन नसतानाही मेटिंगच्या तयारीत अडकून वाढायचीच थांबते. मोकळी बीटा-गॅमा मग स्टे५ नावाच्या स्कॅफोल्डला पडद्यापाशी ओढते, त्यावर स्टे११, स्टे७ आणि फस३ ही कायनेजची, म्हणजे फॉस्फेट लावून पुढच्याला चालू करणाऱ्या एन्झाइमांची, साखळी बसलेली असते, वरनं स्टे२० ती पेटवतं, शेवटी फस३ जाऊन स्टे१२ ला उठवतं आणि मेटिंगचे जीन्स चालू. मधे फार१ नावाचं प्रोटीन आहे ते दोन कामं करतं, एक, जी१ मध्ये, म्हणजे डीएनएची कॉपी व्हायच्या आधी, सेल सायकल अडवतं म्हणून बडिंग थांबतं, आणि दोन, बीटा-गॅमा जिथं जास्त मोकळी झालीय त्या बाजूला वाढीची यंत्रणा ओढून नेतं म्हणून पेशीला तिकडं टोक येतं. तू बघितलंस ते टोक, तेच श्मू. या सगळ्या स्टे नावांतला स्टे म्हणजे स्टराइल, मेटिंग न करणारे म्युटंट गोळा करत करत ही साखळी सापडली. त्यात लेलँड हार्टवेल यांचा मोठा हात, २००१ चं नोबेल त्यांना सेल सायकलसाठी मिळालं पण फेरोमोनवरचं काम त्याच लॅबमध्ये चालू होतं.

आता तुझा खरा त्रास, श्मू येतात आणि नंतर बड परत येतात. इथं पेप्टाइड बनवणाऱ्यांना शिव्या देऊ नकोस. तुझा बीवाय४७४१ स्वतःच ते पेप्टाइड खातोय. ए पेशी बार१ नावाचं प्रोटिएज बाहेर सोडते, ते अल्फा फॅक्टर बरोबर मधे, सहाव्या ल्युसीन आणि सातव्या लायसीनच्या मधे तोडतं. झाले दोन तुकडे, धरायचं टोक एकीकडं आणि चालू करायचं टोक दुसरीकडं. गंमत बघ, ऐकणारी पेशीच ऐकलेलं पुसून टाकायचं एन्झाइम बनवते, आणि फेरोमोन मिळाला की ते आणखी जास्त बनवते.

असं का करावं? बेळगावात शहापूरच्या एखाद्या बोळात कुंदा, म्हणजे दुधाची मिठाई, आटवायला घेतला की थोड्या वेळात अख्खा बोळ त्या वासानं भरतो, आणि मग वासावरनं घर शोधायला गेलं तर कुठल्या दारात जायचं ते कळत नाही, सगळीकडं सारखाच वास. वास थोडा थोडा उडत राहिला तरच एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असा फरक राहतो. बार१ नेमकं ते करतं. आजूबाजूला अनेक अल्फा पेशी असल्या तरी फरक टिकून राहतो आणि ए पेशी सगळ्यात जोरात बोलावणाऱ्या शेजारणीकडंच टोक काढते. चारी बाजूंनी फेरोमोन भरपूर ओतला तर पेशीला दिशा कळत नाही, मग ती आपल्या मागच्या बडच्या खुणेशेजारीच टोक काढून मोकळी होते, आणि मेटिंगचं प्रमाण घसरतं. तुझ्या फ्लास्कमध्ये तू तेच केलंयस, फक्त तुला मेटिंग नको आहे, तुला अरेस्ट, म्हणजे विभाजन थांबलेलं, पाहिजे.

बार१ शिवाय अजून दोन ब्रेक आहेत पेशीत. एसएसटी२, हा जीपीए१ वरचा जीटीपी लवकर संपवतो म्हणजे अल्फा भाग परत बीटा-गॅमाला जाऊन बसतो. आरजीएस नावाचं जे मोठं प्रोटीन घराणं पुढं माणसात सापडलं त्यातला हा पहिला. आणि रिसेप्टरची शेपटी, पेशीच्या आत लोंबणारी. पेप्टाइड बसलं की शेपटीवर फॉस्फेट लागतात, मग युबिक्विटिन लागतं, आणि रिसेप्टर पेप्टाइडसकट आत ओढून व्हॅक्युओलमध्ये मोडून टाकला जातो. पृष्ठभागावरचा रिसेप्टर आत ओढायला युबिक्विटिन ही खूण चालते हे लिंडा हिके आणि हॉवर्ड रीझमन यांनी १९९६ मध्ये याच स्टे२ वर दाखवलं. त्याआधी युबिक्विटिन म्हणलं की फक्त पेशीतलं प्रोटीनं मोडायचं यंत्र, म्हणजे प्रोटिॲझोम, डोळ्यांपुढं यायचा.

आता हिशोब. स्टॉक १ मिग्रॅ प्रति मिली केलास तर तो जवळपास ०.६ मिलीमोलर. बार१ असलेल्या स्ट्रेनला माझ्या हातचा डोस ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, म्हणजे ३ मायक्रोमोलर, १० मिली कल्चरला स्टॉकचे ५० मायक्रोलिटर. रिसेप्टरला पुरे होतं त्याच्या कितीतरी पट, कारण बहुतेक सगळा बार१ च्या पोटात जाणार आहे. शिवाय एकदाच टाकून बसायचं नाही, तास-सव्वा तासानं परत अर्धा डोस. आणि कल्चर पातळ ठेव, ओडी (म्हणजे कल्चरचा गढूळपणा) ०.२ च्या आसपास, कारण दाट कल्चरमध्ये बार१ आधीच साचलेलं असतं. काही जण मीडियाचा पीएच ३.९ वगैरे खाली आणतात, त्यानं बार१ मंदावतं, चालतं तेही. पण बार१ डिलीट केलेला स्ट्रेन मिळाला तर ५० नॅनोमोलर पुरतं, म्हणजे वरच्या डोसच्या साठाव्या हिश्श्याला. तेवढ्याला १० मिलीत स्टॉकचा एक मायक्रोलिटरही लागत नाही, म्हणून स्टॉक शंभर पट पातळ करून त्यातला ८४ मायक्रोलिटर टाक, पिपेटचा भरवसा राहतो. आपल्यासारख्या कॉलेजांत जिथं एक मिलिग्रॅमची व्हायल मागवायला तीन सह्या लागतात तिथं हा फरक फार मोठा आहे.

पेप्टाइड खरंच जिवंत आहे का ते बघायचं असेल तर फ्लास्कमध्ये नको, हॅलो टाक, म्हणजे पेप्टाइडभोवती वाढ थांबल्याचं वर्तुळ येतं का ते प्लेटवर बघ. ए टाइपच्या पेशी मऊ अगारमध्ये मिसळून प्लेटवर ओत, थिजलं की कागदाची छोटी डिस्क ठेव, त्यावर पेप्टाइडचे ५ मायक्रोलिटर, शेजारच्या डिस्कवर नुसतं सॉल्व्हंट, ३० डिग्रीला दीड-दोन दिवस. बार१ नसलेल्या स्ट्रेनला डिस्कभोवती काचेसारखं स्वच्छ वर्तुळ येतं, धार अगदी तीक्ष्ण. तुझ्या बीवाय४७४१ ला येईल ते धुरकट आणि लहान, आतनं हळूहळू वाढ भरत येणारं. दोन्ही प्लेटा शेजारी धरल्या की बार१ काय करतं ते सेमिनारमध्ये वेगळं समजवायला लागत नाही, फोटोच दाखव. स्लँट ४१ ची का ४२ ची तेही याच प्लेटवर कळतं, ४२ ला वर्तुळ येणारच नाही.

साठवणीचं थोडं. व्हायल आली की एकदाच विरघळव, डीएमएसओ किंवा इथेनॉलमध्ये, छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० ला ठेव, सारखं वितळव-गोठव करू नकोस. काचेला चिकटतं हे पेप्टाइड, त्यामुळं पातळ स्टॉक काचेच्या बाटलीत ठेवलास तर आठवड्यानं निम्मा बाटलीच्या भिंतीवर, लो-बाइंड प्लास्टिक वापर. आणि पावसाळ्यात आपल्याकडं लाईट किती वेळ जाते हे तुला मी सांगायला नको, डीप फ्रीजरमधे बर्फाच्या पिशव्या भरून ठेव आणि ट्यूब त्यांच्या मधे खोच.

मोजताना एक गोष्ट पोरं विसरतात. बड नसलेल्या पेशी नव्वद टक्के झाल्या म्हणजे अरेस्ट झाला असं लिहून टाकतात. अगं, रात्रभर वाढून दाट झालेलं कल्चर घेतलंस तर त्यातही बहुतेक पेशी बिनबडच्याच असतात, उपाशी म्हणून. त्यामुळं सॉल्व्हंट टाकलेला कंट्रोल शेजारी पाहिजेच, आणि तो कंट्रोल जोरात बडिंग करत असला पाहिजे, तरच तुझ्या आकड्याला अर्थ. मोजायच्या आधी व्हॉर्टेक्स चांगला कर, काही पेशी विभागल्यावरही चिकटून राहतात आणि दोन चिकटलेल्या पेशी बडसारख्या दिसतात. दर वीस-तीस मिनिटांनी नमुना काढ, फॉर्मॅल्डिहाइडमध्ये टाकून ठेव, आणि नंतर निवांत ४० च्या लेन्सवर दोनशे पेशी मोज. तीन कॉलम कर, बड नाही, बड आहे, टोक आहे. टोकाचा कॉलम वेगळा ठेवलास की उपाशी आणि अरेस्ट झालेल्या पेशींत गल्लत होत नाही. ३० डिग्रीला दीड-दोन तासांत बहुतेक पेशी थांबलेल्या दिसायला पाहिजेत. त्यानंतर अरेस्टमधनं सोडायचं असेल तर ताज्या मीडियानं दोनदा धुवायचं, आणि बार१ नसलेल्या स्ट्रेनला नुसतं धुऊन भागत नाही, थोडं प्रोनेज (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) घालावं लागतं कारण उरलेलं पेप्टाइड खाणारं तिथं कोणी नाही.

तुझ्या गाईडनी बहुतेक विचारलं असेल की याचा उपयोग काय, सगळेच विचारतात. १९९० मध्ये लेफ्कोविट्झ आणि थॉर्नर यांच्या लॅबनी माणसाचा बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टर यीस्टमध्ये बसवून त्यावर मेटिंगची साखळी चालवून दाखवली, तेव्हापासून माणसाच्या रिसेप्टरांवर औषधं चाचपायला ही साखळी वापरतात, यीस्ट स्वस्त आणि या साखळीला एकच रिसेप्टर जोडलेला त्यामुळं गोंधळ नाही. आणि आपल्या भागाला जवळचं सांगायचं तर टोमॅटोचा मर रोग. तो करणारी फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम बुरशी जमिनीत टोमॅटोचं मूळ शोधत वाढते, आणि २०१५ मध्ये असं निघालं की मुळातनं बाहेर पडणाऱ्या पेरॉक्सिडेज एन्झाइमांकडं ती वळते त्यात तिच्या स्टे२ सारख्या रिसेप्टरचाच हात आहे. मेटिंगसाठी म्हणून ओळखला गेलेला रिसेप्टर ती बुरशी झाडाचं मूळ शोधायला वापरतीय. गाईडना हे सांग, प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत दोन ओळी शेतीच्या घातल्या की परीक्षकही जरा मऊ होतात.

पुढची ऑर्डर पेप्टाइडची देऊ नकोस, स्ट्रेनची दे. यीस्टचा डिलिशन कलेक्शन (एकेक जीन काढलेल्या स्ट्रेनचा संच) बीवाय४७४१ मध्येही केलेला आहे, त्यात बार१ काढलेला स्ट्रेन आहे, जी४१८ हे अँटिबायोटिक असलेल्या प्लेटवर वाढतो. बंगळूर-पुण्यात यीस्टवर काम करणाऱ्या एखाद्या लॅबकडं हा कलेक्शन असायची शक्यता बरीच आहे, गाईडांच्या नावानं मेल टाक, स्लँट कुरिअरनं येते, फिल्टर पेपरवर सुकवून पाकिटातनंही येते. ती येईपर्यंत हातातल्या व्हायलनं बीवाय४७४१ वर दोन डोसचा प्रयोग कर आणि हॅलोची प्लेट आजच टाक, दोन दिवसांनी वर्तुळ धुरकट दिसलं की पेप्टाइड ठीक आहे असं समज.